थकवा, खिन्नता आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचे उपचार

आपल्या शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सारे नुसते 'सर' म्हणत असू, त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, भाषा, संगीत अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. यंदा चालकमंडळींनी मला पाचारण केले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. या शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकविले, एवढीच माझी पुंजी. शिवाय त्या वेळी माझ्यावर प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे उपचार चालू होते आणि पोस्टकार्डभर मजकूर लिहिण्याचेही त्राण अंगात नव्हते. पुढे मनात आले की, ज्या कारणासाठी मी नकार देत आहे, तेच कारण व्याख्यानाचा विषय का होऊ नये? सरांच्या स्मरणार्थ बोलताना हाच विषय मला घ्यावासा वाटला, त्यामागे आणखी एक कारण आहे. ते योग्य ठिकाणी येईलच.

आरंभीच एक खुलासा करतो. मी वैद्य नाही. येथे जे सांगणार आहे, ते माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, वाचनातून आणि स्वतःच्या अनुभवातून गोळा केलेले आहे. कोणाही रुग्णाने औषध बदलण्याचा अथवा थांबविण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आजाराची ओळख

प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. म्हणूनच ही ग्रंथी वाढली की लघवीची तक्रार सुरू होते. उतारवयात ती अनेकांची वाढते आणि ती प्रत्येक वाढ कर्करोगाची असते असे मुळीच नाही. मात्र काहींच्या बाबतीत तिच्यात कर्करोग उद्भवतो. रक्ताची तपासणी, स्कॅन आणि ग्रंथीचा लहानसा तुकडा काढून केलेली परीक्षा यांवरून त्याचे निदान होते. हा रोग पुष्कळदा मंदगतीने वाढतो आणि वेळीच कळला तर त्यावर चांगले उपाय आहेत.

या उपचारांच्या इतिहासात १९४१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. आपला धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदांनी असे दाखवून दिले की, प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो आणि त्याचा पुरवठा तोडला की तो मागे हटतो. या शोधाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा पुरवठा तोडण्याचा त्या काळचा मार्ग म्हणजे वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती आजही केली जाते. खर्च कमी आणि परिणाम खात्रीचा. पुढे मेंदूतून निघणाऱ्या संप्रेरकांचा उलगडा झाला. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिय्यमँ यांना त्याबद्दल १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला आणि त्या ज्ञानातून इंजेक्शने तयार झाली.

इंजेक्शनाचे कार्य वर्गात सांगावे तसे सांगतो. मेंदूतील एक केंद्र पीयूषिका ग्रंथीला थोड्याथोड्या वेळाने निरोप पाठविते. पीयूषिका तो वृषणांना देते आणि तेथे टेस्टोस्टेरॉन तयार होते. इंजेक्शनातील औषध म्हणजे तोच निरोप, पण अखंड चाललेला. शाळेची घंटा तासाला वाजली तर मुले उठतात. ती दिवसभर वाजतच राहिली तर कोणी मान वर करून पाहत नाही. पीयूषिकेचे तसेच होते. प्रारंभी ती अधिक जोमाने काम करते आणि काही आठवड्यांत गप्प बसते. महिन्याला, तीन महिन्यांना अथवा सहा महिन्यांना एक इंजेक्शन, असा हा क्रम असतो. त्याच्या जोडीला किरणोपचार दिले जातात. काहींना नव्या गोळ्याही देतात.

आपल्या भागातील लोकांना या उपचारांसाठी आता मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था आहे आणि १९५७ पासून हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझे किरणोपचार चार आठवड्यांत, वीस बैठकांत झाले. धारवाडच्या ज्युबिली सर्कलहून मी 'चिगरी' बसने जात असे. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरिण. पहिल्या आठवड्यात बसथांब्याचा चढ मी सहज चढलो. चौथ्या आठवड्यात त्याच चढावर कठडा धरून दोनदा थांबलो. माझ्यासमोरून हरिणाचे नाव लावलेली बस निघून गेली आणि मी पुढच्या बसची वाट पाहत उभा राहिलो.

थकवा म्हणजे आळस नव्हे

सर्वसाधारण थकव्याला हिशेब असतो. शेतात राबले, वह्यांचा गठ्ठा तपासला की माणूस थकतो आणि रात्री झोपला की सकाळी ताजा होतो. कर्करोगाच्या उपचारातील थकव्याला हा हिशेब लागू पडत नाही. काही न करताही तो येतो आणि रात्रभर झोपूनही जात नाही. वर्तमानपत्राचा अग्रलेख अर्ध्यावर सोडावा लागे. स्नान केल्यावर धोतर नेसण्यापूर्वी मला खुर्चीत बसावे लागे. मी घरात कोणाला सांगितले नाही. कारण शरीराला कुठे दुखत नव्हते आणि न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कशी करावयाची, हे मला कळत नव्हते.

या थकव्याची कारणे एकाहून अधिक आहेत. टेस्टोस्टेरॉन घटले की स्नायू झडतात, चरबी वाढते आणि रक्तातील तांबड्या पेशींची निर्मितीही मंदावते. अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उसळतात. रात्री त्यांनी घाम फुटून जाग येते. लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागते ते निराळेच. झोपेचे असे तुकडे झाल्यावर सकाळी ताजेपणा कोठून येणार? किरणोपचाराचा थकवा साधारणतः शेवटच्या आठवड्यांत वाढत जातो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, ओसरतो. इंजेक्शनाचा परिणाम मात्र इंजेक्शन चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ टिकतो. वयस्कर माणसात टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होण्यास पुष्कळ महिने लागतात; कधी ते पूर्णपणे होतही नाही. हे आधी ठाऊक असले तर 'अजून बरे का वाटत नाही' ही धास्ती कमी होते.

म्हणून पहिली सूचना अशी की, थकवा हा उपचाराचा भाग म्हणून निमूटपणे सोसू नये. तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. रक्तक्षय, थायरॉइडचा दोष, अनियंत्रित मधुमेह, वेदना, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काही त्याच्या मुळाशी असेल तर त्यावर उपाय होऊ शकतो. माझे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन बरेच उतरलेले आढळले.

दुसरी सूचना ऐकून मला प्रथम राग आला होता. डॉक्टर म्हणाले, "सर, चालायला लागा." ज्याला उभे राहवत नाही त्याला चाला म्हणणे, ही मला थट्टाच वाटली. परंतु या थकव्यावर आजवर जेवढे उपाय अभ्यासले गेले आहेत, त्यांत व्यायामाइतका भक्कम आधार दुसऱ्या कशालाही नाही. याची संगती साधी आहे. थकला म्हणून माणूस पडून राहतो. पडून राहिल्याने स्नायू आणखी झडतात. स्नायू झडले की लहानसे कामही मोठे वाटते आणि तो अधिकच थकतो. हे चक्र कोठे तरी तोडावे लागते. आठवड्याला एकंदर दीडशे मिनिटे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे गाठावयाचे ठिकाण. आरंभ मात्र जमेल तेवढ्यानेच करावा. माझा आरंभ सप्तापुरातील आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत झाला. आठ दिवसांनी दुसरा खांब. सव्वा महिन्याने मी कर्नाटक कॉलेजच्या मैदानाला एक फेरी घातली. स्नायूंसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणे, एवढेच साहित्य पुरले. ज्यांचा रोग हाडांत पसरला आहे किंवा ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी मात्र कोणता व्यायाम करावा हे प्रथम डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. या इंजेक्शनांनी हाडे विरळ होतात, म्हणून चुना आणि ड जीवनसत्त्व यांविषयीही विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट शक्तीच्या जमाखर्चाची. मी एक वही घातली. सकाळी, दुपारी व रात्री, शून्य ते दहा या मापाने किती थकलो आहे ते लिहू लागलो. पंधरा दिवसांत ध्यानात आले की सकाळी सात ते दहा हा माझा बरा काळ आहे. जे काम खरोखर महत्त्वाचे, ते त्या वेळेत ठेवले. बँक, बाजार, फोन ही कामे मुलाकडे सोपविली. स्नानाच्या वेळी बसावयास स्टूल घेतले. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ दिली नाही, कारण ती लांबली की रात्रीची झोप पळते. संध्याकाळनंतर चहा बंद केला. जेवण एकदम जाईना, तेव्हा थोडेथोडे करून चार वेळा घेतले. जोंधळ्याची भाकरी, उसळ आणि ताक यांनी माझे चांगले भागले.

खिन्नता

आता ज्या विषयाबद्दल बोलणे मला सर्वांत अवघड जाते, त्याकडे वळतो.

थकवा आणि खिन्नता या शेजारणी आहेत. एकीच्या घरात दुसरी सहज शिरते. तरी त्या दोन भिन्न गोष्टी आहेत. थकलेल्या माणसाला नातवाशी खेळावेसे वाटते, पण शक्ती नसते. खिन्न माणसाला खेळावेसेच वाटत नाही. मला रेडिओवर शास्त्रीय गायन ऐकण्याचा चाळीस वर्षांचा नाद. तो एके दिवशी बंद झाला आणि बंद झाल्याचे मला महिनाभर कळलेही नाही. मी रडलो नाही. चिडू मात्र लागलो. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सारले. पुरुषांची खिन्नता पुष्कळदा अशी चिडचिडीच्या वेषात येते, आणि म्हणून ती कोणाला ओळखू येत नाही, हे मी पुढे शिकलो. पुढे तीही चिडचिड थांबली, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "अहो, किती दिवसांत तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत." तिने हे हसत म्हटले नव्हते.

या खिन्नतेला अनेक वाटा आहेत. रोगाची भीती आहेच. संप्रेरकाच्या अभावाचा मनावर परिणाम होऊ शकतो. काही गोळ्यांबरोबर स्टेरॉइड घ्यावे लागते, त्यानेही झोप व मनःस्थिती बिघडू शकते. दांपत्यजीवनातील इच्छा ओसरते. शाळेच्या पुस्तिकेत हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु ज्या गोष्टीची पूर्वसूचना रुग्णाला कोणी देत नाही, ती गोष्ट त्याला आपलाच दोष वाटू लागते. छातीला उभारी येते, दाढी विरळ होते आणि आरशातला मनुष्य परका वाटतो. हा औषधाचा परिणाम आहे. पौरुष हरवल्याचा पुरावा नव्हे. पती आणि पत्नी दोघांनाही डॉक्टरांनी हे आधी एकत्र बसवून सांगावे आणि त्यांनी सांगितले नाही तर आपण विचारावे.

मी पुढचे इंजेक्शन घ्यावयाचे नाही असे मनाशी ठरविले होते. ते सांगण्यासाठीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फायली बाजूला ठेवून कन्नडमध्ये विचारले, "निद्दी चलो बर्तैतेन्री?" झोप नीट लागते का हो? या एवढ्याशा प्रश्नाने माझा बांध फुटला. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास असते काय? पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यातली गोडी गेली आहे काय? या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर जरी 'होय' असेल, तरी पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. माझी दोन्ही उत्तरे 'होय' होती.

त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांचे नाव लिहून दिले. महाराष्ट्रात जशी ठाण्याची व येरवड्याची थट्टा करतात, तशी आपल्याकडे धारवाडच्या मनोरुग्णालयाची करतात. १८४५ साली सुरू झालेली ही संस्था. आज बेळगाव रस्त्यावर ती धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे 'डिमहान्स', म्हणून ओळखली जाते. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांना मीही कधी त्या रस्त्याचे नाव घेऊन दटावले आहे. त्या रस्त्याने जाताना मला ते सारे आठवले आणि स्वतःची लाज वाटली. आत गेलो तेव्हा बाकावर शेतकरी, कारकून, गृहिणी आणि परीक्षेने घाबरलेले दोन विद्यार्थी बसलेले दिसले.

तेथे मला उमगले ते थोडक्यात असे. खिन्नता हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. काहींना समुपदेशन पुरते. त्यात आपल्या मनात आपोआप उठणारे विचार कागदावर उतरवून तपासावयास शिकवितात. 'मी सर्वांना भार झालो आहे' असे मी लिहिले. त्याचा पुरावा मागितला गेला, आणि विज्ञानाच्या मास्तराला तो देता आला नाही. काहींना औषध लागते. खिन्नतेवरील काही औषधांनी उष्णतेच्या लाटाही कमी होतात. मात्र इतर गोळ्यांशी ती जुळतात की नाही हे डॉक्टरच पाहू शकतात आणि गुण दिसावयास काही आठवडे जावे लागतात. इंजेक्शनाविषयी बोलावयाचे तर, काही निवडक रुग्णांत ते मध्ये थांबवून पुन्हा सुरू करण्याची पद्धतही आहे. पण तो निर्णय रोगाची अवस्था पाहून घ्यावयाचा असतो, खिन्नतेच्या भरात नव्हे. माझे इंजेक्शन चुकले नाही.

ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी एक दिवसही थांबू नये. जवळच्या रुग्णालयात जावे. १४४१६ हा 'टेलीमानस'चा क्रमांक २०२२ पासून आहे. त्यावर केव्हाही, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

सरांचे ऋण

आता ते दुसरे कारण. सरांच्या कुटुंबीयांच्या संमतीने ते सांगत आहे.

निवृत्तीनंतर सर मालमड्डीतील आपल्या घरी राहत. १९९६ साली त्यांच्यावर कसली तरी शस्त्रक्रिया झाली, एवढेच आम्हांस ठाऊक होते. त्यानंतर त्यांचे येणेजाणे थांबले. स्नेहसंमेलनाचे निमंत्रण घेऊन मी गेलो, तेव्हा ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते. ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग शांत होत असे, ते सर निमंत्रणपत्रिका हातात धरून नुसते तिच्याकडे पाहत राहिले. "फार थकतो रे मी," एवढेच म्हणाले. मी तरुण होतो, उत्साही होतो. मी म्हणालो, "सर, मन खंबीर ठेवा. तुम्हीच असे म्हणालात तर आम्ही कोणाकडे पाहावयाचे?" ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. त्यानंतर मी गेलो नाही. सर आता माणूसघाणे झाले आहेत, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत बोलत असू.

त्यांना हाच आजार होता आणि ती हीच शस्त्रक्रिया होती, हे मला गेल्या वर्षी त्यांच्या मुलाकडून कळले, माझा आजार ऐकून तो भेटावयास आला तेव्हा. त्याच्या पूर्वी पाच-सहा जणांनी मलाही 'मन खंबीर ठेवा' असे सांगितले होते. प्रत्येक वेळी मला वाटे की, आता याच्यापुढे आपण थकलो आहोत असे म्हणावयाची सोय राहिली नाही. सरांनी त्या दिवशी एक दार किंचित उघडले होते. मी ते सद्भावनेने लावून घेतले.

म्हणून आजाऱ्याला भेटावयास जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. खंबीर राहा असे सांगू नका. अमुक एक मनुष्य याच आजारात रोज पाच मैल चालत असे, अशा गोष्टीही सांगू नका. झोप लागते का, जेवण जाते का, आज काय जड गेले, असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. शक्य असल्यास म्हणा, "उद्या सकाळी मी फिरावयास येतो, तुम्ही म्हणाल त्या खांबापर्यंत जाऊ." माझे एक जुने सहकारी असेच रोज येऊ लागले. ते फारसे बोलत नसत. पण दारात त्यांची चप्पल वाजली की मला उठावेच लागे.

रुग्णांना एवढेच सांगतो की, थकवा आला म्हणजे आपण हरलो असे नाही आणि मन खचले म्हणजे आपण दुबळे ठरलो असेही नाही. दोन्ही गोष्टी ताप मोजावा तशा मोजता येतात, डॉक्टरांना सांगता येतात आणि पुष्कळ अंशी कमी करता येतात. माझा थकवा पूर्णपणे गेलेला नाही. हा मजकूर सकाळच्या त्या तीन तासांत, रोज पानभर, याप्रमाणे लिहिला आहे. रेडिओ मात्र पुन्हा सुरू झाला आहे.

सरांना त्या दिवशी जे विचारावयास हवे होते, ते मी विचारले नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी, अशी एखादी आरामखुर्ची असेल. तेथे आज संध्याकाळी जावे, आणि जाऊन आधी विचारावे.